पडद्याबाहेरची मी

मंगळवार, ३ सप्टेंबर

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवशील, हे गृहीत धरूनच लिहायला बसले आहे. ठेव. फक्त हाताशी ठेव, माळ्यावर टाकू नकोस.

दादा गेल्यावर महिन्याभरात तू कामावर परतलीस, आईनं ते मनाला लावून घेतलं, मी आईच्या बाजूनं बसले आणि तू बॅग उचललीस. आता आईही नाही. तुझं बरोबर होतं असं मी अजूनही म्हणणार नाही, आणि तूही माझ्याबद्दल तसं म्हणू नकोस. तो विषय आहे तिथंच राहू दे. मी लिहिते आहे ते वेगळ्याच कारणानं. मला भीती वाटते आहे, आणि ही भीती नेमकी कशाची ते कळेल असं माणूस तुझ्याशिवाय कुणी नाही.

मी न्यायालयात दुभाषी म्हणून काम करते हे तुला कळलं असेलच. डोंगराकडच्या लोकांची भाषा. तुझ्या भाषांच्या अभ्यासापायी तुझ्यामागून रेकॉर्डर आणि बॅटऱ्या वाहत त्या गावांतून हिंडले, तेव्हा या भाषेवर माझं पोट भरेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. तू ओसरीवर बसून प्रत्येक बाईला तोच प्रश्न विचारायचीस: "बाहेर ओळखीच्या चपला दिसताहेत. घरात कोण आलंय?" त्या काय उत्तर देतात त्यात तुला सगळं जग दिसायचं. मला फक्त डास दिसायचे.

आपण "नवरा आला" म्हणून मोकळे होतो. त्यांना तसं मोघम बोलताच येत नाही. डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं की खुणांवरून ताडलं, हे त्या वाक्यातच सांगावं लागतं, आणि ताडलं असेल तर किती खात्रीनं तेही. तू म्हणायचीस, आपल्याकडेही आहे की सगळं, आला असेल, आला असावा, आलाच असणार. फरक एवढाच की आपल्याला तसं बोलायची मुभा आहे, त्यांना सुटका नाही. मी तेव्हा जांभई दिली होती. आता पगार त्याचाच घेते.

खटला असा आहे. एक मोठा धोबीखाना आहे, हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुणारा. तिथं एक ठेकेदार डोंगरावरून माणसं आणतो आणि आल्या आल्या त्यांची कागदपत्रं स्वतःच्या कपाटात ठेवतो. गाठोडी वाहणारा एक माणूस आपली कागदपत्रं परत मागत होता, त्याला गावी जायचं होतं. तो एके दिवशी मालाच्या लिफ्टच्या पोकळीत तळाशी सापडला. ठेकेदार म्हणतो, पाय घसरला. एक इस्त्री करणारी बाई साक्षीला उभी राहिली आहे. तिथं इस्त्रीला चाळीसेक बायका आहेत, सगळ्या डोंगराकडच्या, आणि त्यातली साक्ष देणारी कोण हे ठेकेदाराला कळू नये म्हणून तिला पडद्याआड बसवतात. ठेकेदार जामिनावर बाहेर आहे.

माझी खुर्ची पडद्याच्या कडेला. एक कान आत, तोंड बाहेर. ती आतून कुजबुजते, मी मोठ्यानं बोलते. आणि आमच्या कामाची रीत अशी की "ती म्हणते" असं म्हणायचं नाही. साक्षीदार जे बोलेल ते तसंच, "मी" म्हणून बोलायचं. पहिल्याच वर्षी न्यायाधीशबाईंनी मला त्यावरून झापलं होतं. तेव्हापासून मी चोर झाले आहे, विधवा झाले आहे, एकदा तर बारा म्हशींचा मालक झाले होते.

काल पहिली सुनावणी झाली. मी भर न्यायालयात ठेकेदाराच्या तोंडावर म्हणाले, "मी तुम्हाला त्याच्याबरोबर वर जाताना पाहिलं. मग मी तुम्हाला एकट्याला खाली येताना पाहिलं. तुम्ही बाह्या खाली करत होतात."

पडदा तिच्यासमोर आहे, वहिनी. माझ्यासमोर नाही. तो सगळा वेळ माझ्याकडे बघत होता.

तुझी वन्सं


सोमवार, ९ सप्टेंबर

वहिनी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमनची वाट पाहिलीच.

सुनावणीनंतर पायऱ्यांवर मला ठेकेदाराच्या आईनं गाठलं. ठेंगणी, स्वच्छ धुतलेल्या साडीतली म्हातारी. तिनं माझा हात धरला. मला वाटलं आता शिव्या देते. तर ती रडत म्हणाली, "बाई, तुम्ही खरंच पाहिलंत का माझ्या मुलाला?"

मी म्हटलं, "आजी, मी नाही. मी नुसती दुभाषी आहे. जी बोलते ती आत बसते."

"मग मघाशी मी पाहिलं, मी पाहिलं, असं का म्हणत होतात?"

मी तिला समजावायला गेले. रीत आहे, काम आहे, वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणू नये, बाई. देवाला उत्तर द्यावं लागतं." आणि हात सोडून निघून गेली. तिचा राग आला नाही, हेच वाईट. इतकी वर्षं हे काम करते, पण असं कुणी मला विचारलं नव्हतं.

खरी गोष्ट पुढे आहे. शनिवारी बाजारात टोमॅटो निवडत होते. शेजारी एक माणूस उभा राहिला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. स्वतःच ओळख करून दिली: ठेकेदाराचा मेव्हणा. माझी पिशवी जड आहे म्हणाला आणि ती माझ्या हातातून घेतलीही. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, माझा भाऊच आहे.

"तुमचा जिना फार काळोखा आहे हो," तो म्हणाला. "एखादा दिवा लावून घ्यायला हवा. पडायला काय, वेळ लागत नाही माणसाला."

मी कुठं राहते हे मी त्याला सांगितलं नव्हतं. टोमॅटोवाला विचारत होता, किलो करू का, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. दुभाष्याची बोबडी वळली, हा विनोद तुला आवडला असता.

"आणखी एक," तो जाताना म्हणाला. "पडद्यामागे कोण बसतं ते तुम्हाला ठाऊक असणार. आम्हाला कळलं तर बरं होईल. त्या बाईंची काळजी आम्हालाच घ्यायची ना शेवटी. आमच्याच आहेत त्या."

मग त्यानं पिशवी परत दिली, अगदी दोन्ही हातांनी.

तुझी वन्सं


गुरुवार, १२ सप्टेंबर

वहिनी,

पोलीस चौकीत गेले होते. तिथं एक हवालदार आहे, भला माणूस, टेबलावर पंखा लावून बसतो आणि कागद उडू नयेत म्हणून त्यावर कोपर ठेवतो. मी सगळं सांगितलं.

"धमकी दिली का?"

"दिली ना. जिना काळोखा आहे म्हणाला."

"आहे का?"

"आहे."

"मग?" त्यानं खरोखर गोंधळून विचारलं. "बाई, 'पडाल' म्हणाला असता तर मी लिहून घेतलं असतं. तो म्हणतो, दिवा लावायला हवा. हा तर सल्ला झाला."

मी म्हटलं, "साक्षीदार कोण ते सांगा म्हणाला."

"सांगा म्हणाला, की कळलं तर बरं होईल म्हणाला?"

तुझी फार आठवण झाली तेव्हा. तू नाही का म्हणायचीस, की माणसाला हुकूम सोडायला हुकुमाचं रूप लागत नाही. कुणी "पाहिजे" म्हणतो, कुणी "माझ्यावर ओझं आहे" म्हणतो, एका ठिकाणी तर ज्येष्ठ माणूस नुसतं "पाणी" म्हणतो आणि सून उठते. जगभरच्या लोकांनी बळजबरीला किती सभ्य कपडे शिवलेत ते तू वह्याच्या वह्या भरून गोळा केलंस. त्यातल्या एकाही वहीवर चौकीत तक्रार नोंदवून घेणार नाहीत.

हवालदार वाईट नाही. निघताना म्हणाला, "एकट्यानं जाऊ नका." पण मेव्हणाही तेच म्हणेल, आणि याच आवाजात.

हल्ली जिना चढताना मी दर वळणावर थांबते. वर कुणी असेल. खाली कुणी असेल. असतं तर नाहीच, आतापर्यंत तरी. पण "आहे" म्हटल्यावर माणूस निदान पळतो किंवा ओरडतो. "असेल" म्हटल्यावर नुसता उभा राहतो. मी भिंतीला टेकून उभी असते आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा कुत्र्याला घेऊन उतरले की त्यांच्याशी इतकं गोड बोलते की ते आता मला टाळायला लागलेत.

तू विचारशील, सोडून का देत नाहीस. ही भाषा येणारं या शहरात दुसरं कुणी नाही. मी उठले तर साक्ष थांबेल आणि खटला तिथंच बसेल. पण ते कारण उदात्त वाटतं म्हणून सांगितलं. रात्री झोप येत नाही तेव्हा मी रोज सोडून देते, आणि सकाळी आंघोळ केली की परत जाते.

पुढची सुनावणी बुधवारी आहे. ठेकेदाराचा वकील उलटतपासणी घेणार. या वेळी तू एक ओळ लिहिलीस तरी चालेल, रागाची असली तरी.

तुझी वन्सं


मंगळवार, १७ सप्टेंबर

वहिनी,

आज सरकारी वकिलांनी आम्हा दोघींना तयारीसाठी बोलावलं. मागच्या दारानं आत नेलं. त्यांची खोली म्हणजे फायलींच्या मधोमध एक खुर्ची. माणूस कष्टाळू आहे, डोळ्यांखाली काळं झालंय. त्यांना हा खटला हरायचा नाही आणि त्यांच्या हातात या बाईशिवाय काही नाही.

त्यांनी तिला विचारलं, लिफ्टपाशी काय झालं?

ती माझ्याशी बोलली. कशी दिसते सांगते, कारण तू विचारशील. पन्नाशीची, काटक, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत इस्त्रीच्या चटक्यांच्या आडव्या रेघा. बोलते कमी. तिनं सांगितलं: वर आरडाओरड ऐकली. धप्प आवाज ऐकला. मग तो एकटा खाली आला, हे पाहिलं. "त्यानं ढकललं असणार." तिच्या भाषेत हे असणार फार घट्ट आहे, दुसरं काहीही शक्य नाही अशा खात्रीचं. पण ते पाहिल्याचं नाही. ते ताडल्याचं आहे.

मी तसंच सांगितलं. वकिलांनी पेन टेबलावर आपटलं. "असणार! असणारला कोण विचारतो? ते लोक एका मिनिटात अंदाज म्हणून उडवून लावतील. बाई, त्यांच्या भाषेतलं इतकं पक्कं 'असणार' म्हणजे आपल्याकडे 'ढकललं'च ना?"

"नाही," मी म्हटलं.

"जरा विचार करा. मी काही तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. स्पष्ट बोला, एवढंच." आणि ते फोन घ्यायला बाहेर गेले.

खोलीत आम्ही दोघीच राहिलो. तिला आपली भाषा येत नाही, पण तिला सगळं कळलं होतं. ती हळूच म्हणाली, "पोरी, तुमच्या भाषेत कसं कळलं ते न सांगता बोलता येतं ना?"

मी म्हटलं, येतं.

"नुसतं 'ढकललं' म्हणता येतं? पाहिलं की ताडलं, कुणी विचारत नाही?"

"नाही विचारत."

"मग तू म्हण," ती म्हणाली. "माझ्या तोंडातून ते निघत नाही. निघालं तर 'पाहिलं' असंच निघेल आणि ते खोटं होईल, मेलेल्या माणसाच्या नावानं मला खोटं बोलवणार नाही. पण तुझ्या भाषेत ते खोटं नाही. तू म्हण. तो आत जाईल. मीही झोपेन आणि तूही झोपशील."

मी तिला मेव्हण्याबद्दल सांगितलं होतं, आज सकाळीच, तिनं सावध राहावं म्हणून. ते तिनं लक्षात ठेवलं होतं.

वहिनी, मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरी आल्यापासून मी त्या एका शब्दाभोवती फिरते आहे. मी "ढकललं" म्हटलं की तो तुरुंगात जातो आणि माझा जिना पुन्हा नुसता जिना होतो. मी "असणार" म्हटलं की तो सुटतो, आणि त्याला माझं तोंड पाठ आहे. त्या इमारतीत माझं खोटं पकडू शकेल असं एकही माणूस नाही. फक्त ती, आणि तीच तर सांगते आहे.

त्यानं ढकललंच असणार. मलाही तसंच वाटतं. पण मी तर तिथं नव्हतेच, माझ्या वाटण्याला काय किंमत? मला त्या म्हातारीचा हात आठवतो आहे. तू इथं असतीस तर मला काय सांगितलं असतंस ते मी ताडू शकते, पण मला ते ताडायचं नाही, ऐकायचं आहे.

तुझी वन्सं


गुरुवार, १९ सप्टेंबर

वहिनी,

काल झालं ते सांगते.

पहिल्या रांगेत मेव्हणा होता, शेजारी म्हातारी. मागच्या बाकांवर धोबीखान्यातल्या काही बायका, सुट्टी काढून आलेल्या की पाठवलेल्या, देव जाणे. ठेकेदाराचा वकील उठला. त्यानं फार वेळ लावला नाही. दिवे चालू होते का, आवाज किती होता, असलं दोनचार विचारून तो थेट आला: "माझ्या अशिलानं त्या माणसाला ढकललेलं तुम्ही पाहिलंत?"

मी पडद्याआड तोंड करून विचारलं. ती म्हणाली, "मी पाहिलं नाही. आवाज ऐकला. ढकललं असणार, दुसरं काही असूच शकत नाही." आणि अगदी हळू, फक्त माझ्यासाठी, "पोरी."

मी समोर वळले. सरकारी वकील माझ्याकडे बघून किंचित मान हलवत होते, लहान मुलाला स्टेजवर धीर देतात तशी. ठेकेदार बघत होता. मेव्हणा बघत होता. मी माईक जवळ ओढला.

मी म्हणाले, "मी ढकलताना पाहिलं नाही. मी आवाज ऐकला. ढकललंच असणार, दुसरं काही असूच शकत नाही. पण मी पाहिलं नाही."

शौर्य वगैरे काही समजू नकोस. "त्यानं ढकललं" हे वाक्य मी मनात तयार करून नेलं होतं, रात्रभर म्हणून पाहिलं होतं. ऐन वेळी तोंडाला जी सवय आहे तेच बाहेर पडलं.

"म्हणजे अंदाज," वकील म्हणाला.

मी विचारलं. ती म्हणाली. मी म्हणाले, "हो. अंदाज."

सरकारी वकिलांनी डोळे मिटले. आणि ठेकेदार माझ्याकडे बघून हसला. खुन्नस नव्हती त्यात, ओळखीचं हसू होतं, सांगितलेलं काम चोख केलं की मालक नोकराकडे बघून हसतो ना, तसं. त्याला वाटलं मी त्याला घाबरून असं बोलले. त्यानं मान लववली. मला तिथं ओरडून सांगावंसं वाटलं की हे तुझ्यासाठी नाही, पण मला स्वतःचं असं काही बोलायची तिथं सोय नाही. मी "मी" म्हटलं तर ते तिचं धरतात.

आणि पडदा हलला.

ती बाहेर आली. शिपाई पुढे झाला, न्यायाधीशबाई म्हणाल्या, "अहो, बसा, बसा आत," पण ती सरळ चालत ठेकेदाराच्या पिंजऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. मागच्या बाकांवरच्या बायकांनी श्वास आत ओढला तो मला ऐकू आला.

तिला आपली भाषा येत नाही असं कागदोपत्री लिहिलंय. ते सगळं खरं नाही. तिला धोबीखान्यात जेवढी कानावर पडते तेवढी येते, आणि तिथं त्या बायकांशी कुणी दुसरं काही बोललेलंच नाही. उचलायचं. घडी करायची. बोलायचं नाही. एवढीच आपली भाषा तिच्या वाट्याला आली आहे. तू जगभर हिंडून माणसं "पाहिजे" कशी म्हणतात ते गोळा केलंस, इथं एक बाई आहे जिच्याकडे आपल्या भाषेतलं त्याशिवाय काहीच नाही.

ती त्याच भाषेत बोलली. माझ्याकडे बोट करून ठेकेदाराला म्हणाली, "तिकडे बघायचं नाही."

तो खरंच दचकला. इतकी वर्षं त्यानं दिलेला हुकूम, त्याच सुरात.

"ती बाई नाही. मी. मला बघायचं." तिनं स्वतःच्या छातीवर थाप मारली. "तू सांगितलं, वर जायचं नाही. तो वर गेला. तू वर गेला. तू खाली आला. तो नाही आला." मग थोडं थांबून, शब्द शोधत, "आता तू सांगायचं. सगळ्यांना सांगायचं."

न्यायाधीशबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुभाषी, काय म्हणताहेत त्या?"

मी म्हटलं, "बाईसाहेब, त्या तुमच्या-आमच्याच भाषेत बोलताहेत."

ठेकेदाराच्या खांद्यावर हात ठेवून वकिलानं त्याला गप्प बसवलं होतं, पण तो तसाही बोलला नसता असं वाटतं. त्याची आई मात्र त्याच्याकडे बघत होती. मी त्या म्हातारीचा चेहरा बघितला आणि पुन्हा बघवला नाही.

निकाल राखून ठेवला आहे. महिनाअखेरीस देतील. तोपर्यंत जामीन कायम. साक्षीदाराच्या संरक्षणाचं विचारलं तर पोलिसांचे साहेब म्हणाले, "व्यवस्था होऊ शकते, अर्ज करावा लागेल, मंजूर व्हायला हवा." तीनही क्रिया, वहिनी, आणि एकीलाही करणारा माणूस नाही.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, असं का केलंत? ती म्हणाली, "तो तुझ्याकडे बघून हसला. तू माझं बोललीस आणि हसू तुला." मग चिडून, "आणि तू तसं का नाही बोललीस, मी सांगितलं होतं तर?" मी म्हटलं, नाही बोलवलं. तिनं नाक मुरडलं. पण हात सोडला नाही.

धोबीखान्याच्या वसतिगृहात तिला आता परत जाता येणार नाही. ती माझ्याकडे आहे.

तुझी वन्सं


रविवार, २२ सप्टेंबर

वहिनी,

काल दुपारी आम्ही दोघी भाजी घेऊन आलो तर जिन्यात उजेड होता. नवा दिवा. दर वळणावर एक, लख्ख. मी आजोबांना विचारलं, कुणी लावले? ते खूश होते. म्हणाले, "एक गृहस्थ आले होते, फार सज्जन. शिडी स्वतःच घेऊन आले. म्हणाले, तुमच्याकडच्या दोघी बायकांची गैरसोय व्हायला नको."

दोघी, म्हणाला.

आजोबांना काय सांगणार? चौकीत काय सांगणार, की दिवा लावला? मी वर येऊन दाराला आतून टेबल लावलं आणि तिच्या लक्षात येऊ नये म्हणून म्हटलं, फरशी पुसायची आहे. तिला कळलं. तिनं दुसरी बाजू धरून टेबल सरकवायला मदत केली.

सरकारी वकिलांना फोन केला. परवापर्यंत ते माझ्याशी बोलत नव्हते, पण हे ऐकून म्हणाले, निकालापर्यंत शहरात थांबायची सक्ती नाही, जा. कुठे ते मलासुद्धा सांगू नका.

तर उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही निघतो आहोत. मंगळवारी तुझ्याकडे. येऊ का, असं विचारायला पत्र जाऊन उत्तर यायला हवं, तेवढा वेळ नाही. फोन हातात घेतला होता, पण तू "नको" म्हणालीस तर मला दुसरी जागा माहीत नाही, म्हणून ठेवून दिला. स्टेशनवरचं पोस्ट रविवारीही उघडं असतं, तिथून हे जलद टपालानं टाकते आहे. पोस्टातली बाई म्हणाली, आमच्याआधी पोचेल. पोचावं.

तिच्याबद्दल दोन गोष्टी सांगून ठेवते. तिला रिकामं बसवत नाही. आल्यापासून तिनं माझे सगळे कपडे, पडदे, पलंगपोस आणि एक पायपुसणं इस्त्री केलं आहे. आणि तिच्याशी तुला बोलता येईल, तुझी ती भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे. तू तिला चपलांचा प्रश्न विचारलास तर ती तुला वेड्यात काढेल, तरी विचार.

मी फार घाबरले आहे, वहिनी. तुझ्याशी भांडले तेव्हा वाटलं होतं यापेक्षा वाईट काही नाही. आता वाटतं, भांडायला तरी तू होतीस.

मघाशी ती स्वयंपाकघरात माझा शेवटचा कुडता इस्त्री करत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तुझी वहिनी आपल्याला घरात घेईल?"

आता तू सांग, याचं उत्तर त्या भाषेत कसं द्यायचं. ऐकलेलं म्हणून सांगावं तर तुझ्याकडून इतकी वर्षं एक शब्द ऐकलेला नाही. ताडून सांगावं तर खुणा सगळ्या उलट्या आहेत. आणि मोघम बोलायची तिथं सोय नाही. इस्त्री थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती. खोलीत तापलेल्या कापडाचा वास होता.

न्यायालयात तिच्यासाठी जे माझ्यानं झालं नाही ते मी स्वयंपाकघरात केलं. "घेते," मी म्हटलं, तिच्या भाषेत, आणि डोळ्यांनी पाहिल्यासारखं म्हटलं.

तिनं मान डोलावली, इस्त्री बंद केली आणि सामान बांधायला गेली.

मी ते पाहिलेलं नाही, वहिनी. दार उघड.

तुझी वन्सं